काळं चमकदार चाक : घासायचं कमी, भिजवायचं जास्त



लोणची-पापड आणि कर्जाचे हप्ते सोडून ही पोरगी गाडीच्या चाकावर काय लिहायला बसली, असं काही जणींना वाटेल. पण आपल्या गटांमधल्या कितीतरी जणी आता विरार, नालासोपारा, वसईच्या सोसायट्यांमध्ये सकाळी गाड्या धुवायला जातात. शेतातलं काम चार महिन्यांचं, गाड्यांचं बारा महिने. तेव्हा हा धडा त्यांच्यासाठी. ज्यांच्या घरी स्वतःची किंवा मुलाची भाड्याची गाडी आहे, त्यांनीही वाचावा.

सुरुवात एका वाईट दिवसापासून करते. विरार पश्चिमेच्या एका सोसायटीतून सकाळी पावणेनऊला मला आपल्या एका ताईंचा फोन आला. आवाज रडवेला. "मॅडम, जरा येता का? साहेब लय रागावलेत. मी जीव तोडून घासलं हो, तरी असं कसं झालं?"

जाऊन बघितलं. पांढरी गाडी, नवीन, चाकं काळी कुळकुळीत. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत तशी होती. आता दोन चाकांवर दूध सांडून वाळल्यासारखे पांढरट पट्टे होते, एका चाकाचा नटांजवळचा रंग उडून आतला धातू दिसत होता आणि चारही चाकांवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल गोल ओरखडे चमकत होते. आदल्या आठवड्यात साहेब सगळ्यांना घेऊन अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेले होते. परत आल्यावर चाकांवर लालसर तपकिरी ठिपके दिसायला लागले. ओल्या फडक्याने गेले नाहीत, म्हणून ताईंनी भांड्यांची हिरवी घासणी घेतली. तरी गेले नाहीत, तेव्हा कुणीतरी बाथरूमची फरशी धुवायचं अ‍ॅसिड आणून दिलं. "हे टाका, लगेच निघेल." निघालं. ठिपक्यांबरोबर चमकही निघाली. ताईंच्या उजव्या हाताची दोन बोटंही लाल झाली होती, पण ते त्यांनी मला शेवटी सांगितलं.

यात ताईंपेक्षा माझी चूक मोठी. गाडी धुण्याच्या प्रशिक्षणात मी काचा, बॉनेट, दरवाजे सगळं तास-दीड तास शिकवलं. चाकांबद्दल माझ्या वहीत एकच ओळ होती : "चाकं नीट घासून घेणे." त्यांनी माझं ऐकलं.

कढई आणि चाक

आपल्याला लहानपणापासून एकच शिकवलंय, घासलं की स्वच्छ होतं. तांब्या राखेने, कढई तारेच्या घासणीने, फरशी खराट्याने. जाडजूड धातूच्या भांड्याला हे चालतं, कारण वरचा थोडा धातू झिजला तरी खाली धातूच असतो. काळ्या चमकदार चाकाचं तसं नाही.

हे चाक बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. गॅरेजवाले त्याला अलॉय म्हणतात. अशी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं १९२४ साली बुगाटी नावाच्या युरोपातल्या कंपनीने आपल्या शर्यतीच्या गाडीला लावली होती. आता ती आपल्या महामार्गावर दर दुसऱ्या-तिसऱ्या गाडीला दिसतात. धातूवर काळा रंग आणि त्या रंगावर काचेसारखा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. आपल्याला दिसते ती चमक काळ्या रंगाची नसते, या वरच्या थराची असते. तो गुळगुळीत असेपर्यंत उजेड आरशासारखा परत येतो. त्यावर हजार बारीक चरे पडले की उजेड इकडेतिकडे फुटतो आणि चाक पांढरट, मळकं दिसतं. हा थर डोक्याच्या केसाएवढासुद्धा जाड असेलच असं नाही. आता सांगा, त्यावर हिरवी घासणी किती वेळा फिरवायची?

काळ्या साडीवर पिठाचा कण दिसतो ना, तसं हे आहे. राखाडी चाकावर हेच ओरखडे पडले तर वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाहीत. काळ्या चकचकीत चाकावर पहिल्याच उन्हात दिसतात आणि बोल आपल्याला लागतो.

एक गोष्ट आधी ओळखायला शिका. सगळीच काळी चाकं चमकदार नसतात. काही मुद्दाम बिनचमकीची, पाटीच्या दगडासारखी मंद काळी असतात. त्यांना मेण किंवा पॉलिश लावलं तर डागडुगी चमक येते आणि मालक म्हणतो, हे काय केलंत. आणि लहान गाड्यांना पुष्कळदा साधं लोखंडी चाक आणि त्यावर प्लास्टिकची टोपी असते. बोटाने टकटक करून बघा, प्लास्टिकचा आवाज लगेच कळतो. काय आहे ते कळलं नाही तर मालकांना विचारावं, विचारण्यात कमीपणा नाही.

ते तपकिरी ठिपके कसले?

ताईंना वाटलं, समुद्राचा चिखल. थोडाफार तो असेलही. पण चिखल भिजवला की जातो, हे ठिपके जात नव्हते. ती ब्रेकची धूळ होती.

ब्रेक दाबला की चाकामागची लोखंडी डिस्क आणि तिला चिमटणारे ब्रेक पॅड एकमेकांवर घासतात. त्यातून लोखंडाची आणि पॅडची बारीक गरम भुकटी उडते आणि चाकावर बसते. गरम असल्यामुळे ती नुसती बसत नाही, वरच्या थराला चिकटते. मग पाणी लागलं, दमट हवा लागली की त्यातलं लोखंड गंजतं आणि ठिपका तपकिरी होतो. आपल्याकडे समुद्राची खारी हवा, त्यामुळे गंज लवकर. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर जाऊन आलेल्या गाडीच्या चाकांवर मीठ आणि वाळूही असते, म्हणून ती गाडी आली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी निदान साध्या पाण्याने चाकं धुऊन घ्यायची.

पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त काळी का होतात, असं एका बैठकीत विचारलं गेलं होतं. थांबताना गाडीचा भार पुढे येतो आणि पुढचे ब्रेक जास्त काम करतात. शिवाय पुष्कळ गाड्यांना मागे डिस्क नसते, झाकलेला ड्रम असतो. त्याची धूळ बाहेर कमी येते.

ही लोखंडाची भुकटी कोरड्या फडक्याने पुसली, तर तो फडका पॉलिश पेपर होतो. म्हणून कोरडं चाक कधीही पुसायचं नाही. धूळ झटकायलासुद्धा नाही. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा.

काय वापरायचं नाही

फरशीचं आणि संडासाचं अ‍ॅसिड चाकाला कधीच लावायचं नाही. रंगाला जरा कुठे टवका उडालेला असला की अ‍ॅसिड तिथून आत शिरतं आणि अ‍ॅल्युमिनियम खातं. "मग सोडा चालेल का?" असं त्या ताईंनीच विचारलं. नाही. अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅसिडही खातं आणि तिखट सोडाही खातो. धुण्याचा सोडा, कॉस्टिक, शेगडीचा तेलकटपणा काढायचं लिक्विड, सगळं बाजूला. तांब्या-पितळेची पावडर, राख, टूथपेस्ट, काथ्या, तारेची घासणी, हिरवी घासणी, यांनी ओरखडे पडतात. कपड्यांच्या पावडरीने चाकावरचं मेण निघून जातं. रॉकेल किंवा डिझेल मारायची सवय काही ठिकाणी आहे. त्याने टायरच्या रबराचं नुकसान होतं, आगीची भीती राहते आणि आपल्या हाताची कातडी फाटते ती वेगळीच.

दुकानात चाकांसाठीच म्हणून मिळणारी काही लिक्विडंसुद्धा अ‍ॅसिडची असतात. बाटलीवर हायड्रोफ्लोरिक किंवा अमोनियम बायफ्लोराइड असं लिहिलेलं दिसलं तर ती बाटली विकत घेऊ नका, कुणी फुकट दिली तरी नको. हे अ‍ॅसिड लागल्यावर कधी कधी लगेच दुखत नाही, काही तासांनी दुखायला लागतं आणि तोवर ते कातडीच्या आत गेलेलं असतं. अशा वेळी घरी थांबायचं नाही. डॉक्टरांकडे जाताना बाटली बरोबर न्यायची.

कुठलंही अ‍ॅसिड हातावर उडालं तर अंगठी-बांगडी काढून वाहत्या पाण्याखाली हात १५-२० मिनिटं धरायचा. डोळ्यात गेलं तर डोळा उघडा ठेवून तेवढाच वेळ पाणी आणि मग थेट दवाखाना. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावायचं नाही. आणि अ‍ॅसिडमध्ये ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद पार्किंगमध्ये तर जीवावर बेतेल.

मग धुवायचं कसं?

चाक गार हवं. गाडी नुकतीच येऊन लागली असेल तर आधी दुसरी गाडी घ्या. हाताची मागची बाजू चाकाजवळ नेऊन बघा, ऊब लागली तर थांबा. गरम चाकावर साबण जागच्या जागी वाळून डाग पडतात आणि तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी व्हायची भीती असते. मालकांकडून हँडब्रेक लावून घ्या, उताराची जागा असेल तर टायरला दगड लावा.

बांगड्यांचं जरा बोलते. काचेची असो की सोन्याची, बांगडी आणि अंगठी चाकाला चरा पाडते. काढायला जमत नसेल तर वर सरकवून त्यावर लांब बाह्यांचा जुना शर्ट आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला. पदर खोचून घ्या. बसायला छोटा पाट किंवा स्टूल न्या, ११ गाड्या म्हणजे ४४ चाकं, गुडघे आपलेच आहेत.

चाकांसाठी बादल्या वेगळ्या, फडके वेगळे. चाकाचा फडका बॉनेटला लागला तर ती लोखंडी भुकटी तिकडे जाईल. दोन बादल्या घ्यायच्या, एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी प्लास्टिकची जुनी चाळण उपडी घाला. फडका त्यावर खळबळला की रेती चाळणीखाली बसते, पुन्हा फडक्याला लागत नाही. यासाठी बाजारात विकतची जाळी मिळते, पण आपली चाळण तेच काम करते.

गाडी उन्हात येण्याआधी, एका वेळी एकच चाक. आधी टायर धुवा, त्यासाठी कडक ब्रश चालेल, पण तो ब्रश रंगाला लागू द्यायचा नाही. मग चाकावर भरपूर पाणी वरून खाली सोडा. प्रेशर पंप असेल तर फूटभर लांबून. रेती, माती, सुटी धूळ यातच निघून जायला हवी. आता शाम्पूचं पाणी लावा आणि एक-दोन मिनिटं नुसतं राहू द्या. ही दोन मिनिटं आपल्याला फार जड जातात, हात शिवशिवतात. राहू द्या. तेवढ्यात बादली बदला.

मग मऊ फडका, मायक्रोफायबरचा असेल तर उत्तम, भरपूर ओला करून हलक्या हाताने फिरवा. दाब द्यायचा नाही, फडक्याच्या वजनाएवढाच. आऱ्यांच्या बेचक्यात आणि नटांच्या खड्ड्यात बोट जात नाही. तिथे रंगाऱ्याचा मऊ केसांचा दीड इंची ब्रश वापरा, पण त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर आधी कापडी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर पत्राच ओरखडे काढेल. चाकाच्या आतल्या बाजूला धातूचे छोटे चौकोनी तुकडे चिकटवलेले दिसतील. ते कचरा समजून उपटू नका. चाकाचा तोल राखायला लावलेली ती वजनं असतात, एक पडलं तरी जोरात चालवताना स्टिअरिंग थरथरतं. आतली वायरही ओढायची नाही.

फडका जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. दुसरा घ्या.

साबण वाळायच्या आत स्वच्छ पाणी, आणि लगेच कोरड्या मऊ फडक्याने टिपून घ्यायचं. पुसायचं नाही, टिपायचं, बाळाचं अंग टिपतो तसं. आपल्या पश्चिम पट्ट्यात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट आणि जड आहे. ते वाळलं की काळ्या चाकावर पांढरे गोल डाग राहतात. मालकाला वाटतं, धुतलंच नाही. असे डाग पडलेच तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून फडक्याने लावा, मिनिटभर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. पण रंग उडालेल्या जागी नको. शेवटच्या धुण्यासाठी बादलीभर नळाचं गोडं पाणी मिळालं तर डागांची भानगडच राहत नाही.

एवढं करूनही तपकिरी ठिपके राहिले, तर त्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचं लिक्विड असतं. बाटलीवर पीएच न्यूट्रल लिहिलेलं बघून घ्या. ते अ‍ॅसिडसारखं धातू खात नाही, लोखंडाच्या कणांशी जोडी जमवून त्यांना सोडवतं. फवारलं की थोड्या वेळात चाकावरून जांभळं पाणी ओघळायला लागतं. पहिल्यांदा बघताना आम्ही सगळ्या घाबरलो होतो, पण ते बरोबर चाललंय याचीच ती खूण. वास मात्र सडक्या अंड्यासारखा. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा, बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढीच ठेवा, वाळू देऊ नका आणि भरपूर पाण्याने धुवा. विहिरीजवळ हे काम नको.

धुतल्यावर संरक्षण

चाकावर मेणाचा किंवा सीलंटचा पातळ हात असला की पुढच्या वेळी धूळ घट्ट चिकटत नाही, पाण्यानेच बरीचशी निघते. म्हणजे घासणं कमी, ओरखडे कमी. चाक पूर्ण कोरडं आणि गार असताना, सावलीत, नखाएवढं मेण स्पंजावर घेऊन पातळ पसरायचं. बाटलीवर सांगितलेला वेळ थांबून मऊ फडक्याने काढून टाकायचं. जास्त लावलं म्हणजे जास्त टिकतं असं नाही, नुसते पांढरे चट्टे राहतात. साधं मेण चाकाच्या उष्णतेने लवकर जातं, सीलंट जास्त टिकतो. फवारल्यावर पाणी गोल थेंब होऊन घरंगळत असेल तर थर आहे, पाणी पसरून बसत असेल तर पुन्हा लावायची वेळ झाली. सिरॅमिक कोटिंग म्हणतात ते महिनोन्‌महिने टिकतं, पण ते आपण करायला जायचं नाही. ते लावण्याआधी जुने ओरखडे काढावे लागतात, ते शिकलेल्या माणसाचं काम.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची सूचना. मेण, पॉलिश, टायर चमकवायचं तेल, यातला थेंबही आरशासारख्या चमकणाऱ्या ब्रेक डिस्कवर जाता कामा नये. फवारा चाकावर थेट मारू नका, फडक्यावर घ्या. डिस्कला तेल लागलं तर ब्रेक धरत नाही. चुकून उडालंच तर लपवू नका, गाडी हलवण्याआधी मालकांना सांगा, गॅरेजवाला साफ करून देईल. टायरचं तेलही फक्त बाजूला, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला नाही. दुचाकीच्या टायरला तर लावूच नका. आणि चाकं धुतल्यावर मालकांना एक वाक्य सांगत जा : "ब्रेक ओले आहेत, गेटपर्यंत हळू जाऊन दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा." धुतल्यावर डिस्कवर पिवळसर गंज दिसतो तो पहिल्या ब्रेकलाच जातो, त्याला घासत बसू नका.

पैशाचं आणि फोटोचं

हे सगळं महिन्याच्या ठरलेल्या पैशात बसवू नका. रोजच्या धुण्यात फक्त पाणी, शाम्पू, टिपणं. आयर्न रिमूव्हर आणि मेण दोन-तीन महिन्यांतून एकदा, वेगळे पैसे सांगून. हिशोब असा करा. समजा ५०० मिलीची बाटली ४०० रुपयांना मिळाली आणि एका चाकाला २५ मिली लागलं, तर बाटलीत २० चाकं, म्हणजे ५ गाड्या. एका गाडीला ८० रुपयांचं नुसतं लिक्विड. त्यावर मेण, फडके आणि आपला पाऊण तास. १०० रुपये सांगितले तर आपण फुकट राबलो.

आणि नवीन गाडी धरताना पहिल्या दिवशी चारही चाकांचे मोबाइलवर फोटो काढा, टॉर्च लावून, तिरक्या उजेडात. आधीचे ओरखडे, फुटपाथला घासलेली कड, उडालेला रंग, सगळं दिसेल. ते फोटो मालकांना लगेच पाठवा. नम्रपणे लिहा, "साहेब, काम सुरू करण्याआधीची चाकं." आपल्या ताईंकडे असे फोटो नव्हते. चारपैकी एका चाकाच्या कडेला जुना टवका होता हे त्या सांगत होत्या, साहेब नाही म्हणत होते, आणि दाखवायला काहीच नव्हतं.

शेवटी तीन चाकांचे ओरखडे गॅरेजमध्ये पॉलिश करून बरेचसे गेले, चौथं पुन्हा रंगवावं लागलं. त्या गाडीच्या धुण्याचे तीन महिन्यांचे पैसे त्यातच गेले. काम मात्र गेलं नाही. ताई स्वतः साहेबांकडे गेल्या, अ‍ॅसिड वापरल्याचं कबूल केलं आणि यापुढे कसं धुणार ते त्यांच्यासमोर एका चाकावर करून दाखवलं. मी मागे उभी होते, मला एक शब्द बोलावा लागला नाही. बोटांची साल निघून आता नवी कातडी आली आहे.

पुढच्या मासिक बैठकीला मी भंगारवाल्याकडून एक जुनं काळं अलॉय चाक घेऊन येणार आहे. येताना प्रत्येकीने आपण सध्या वापरतो ती घासणी, फडका आणि लिक्विडची बाटली जशी आहे तशी आणायची. अ‍ॅसिडची बाटली असेल तर झाकण घट्ट लावून, वेगळ्या पिशवीत. लाजू नका. एकेकीची वस्तू त्या चाकाच्या एकेका कोपऱ्यावर चालवून बघू आणि मग बाहेर उन्हात नेऊन ठेवू.